किनाऱ्यावरच्या स्वस्त घराचा हिशेब

मे महिना सरत आला, की कोल्हापुरातील अनेक मध्यमवर्गीय घरांत एक विषय हटकून निघतो. गणपतीपुळे, मालवण किंवा वेंगुर्ले येथे चार दिवस काढून मंडळी परतलेली असतात. येथील गजबजाट, धूळ आणि वाहनांची गर्दी पुन्हा अंगावर येऊ लागते, आणि घरातील कोणीतरी म्हणते, की येथील जागा विकून तिकडेच एखादे लहानसे घर का बांधू नये? पूर्वी हा प्रश्न चहाच्या कपाबरोबर संपत असे. आता तो तेथे संपत नाही. निवृत्तीला पाच-सात वर्षे उरलेले शिक्षक, शासकीय कार्यालयांतील लिपिक, बँकांतील कर्मचारी अशी माणसे खरोखरच चौकशी करू लागली आहेत. कोणी गुंठ्यांचे भाव विचारतो, कोणी एखाद्या ओळखीच्या माणसाकरवी जमीन पाहून येतो, आणि कोणी भविष्य निर्वाह निधीतील रक्कम काढून विसार देऊनही मोकळा होतो.

हा विषय थट्टेवारी नेण्याजोगा नाही. पंचगंगेच्या महापुराने २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी शहराच्या सखल भागांतील घरांत पाणी आणले. जागांच्या किमती पगारदाराच्या आवाक्याबाहेर चालल्या आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाल्यापासून मागणी आणखी वाढेल, ही अपेक्षाही त्यात मिळाली आहे. दुसरीकडे, १ नोव्हेंबर २००५ नंतर शासकीय सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांना आपल्या म्हातारपणाची किती धास्ती आहे, हे मार्च २०२३ च्या संपाने साऱ्या राज्याला दाखवून दिले. मिळकत मर्यादित, शहर महाग, आणि घाटाखाली निळा समुद्र. अशा स्थितीत माणसाचे मन किनाऱ्याकडे ओढले जावे, यात नवल नाही.

मात्र हा प्रश्न ज्या शब्दांत विचारला जातो, त्या शब्दांतच घोटाळा आहे. ‘किनाऱ्यावर स्वस्त जमीन कोठे मिळेल?’ असे सर्वजण विचारतात. वस्तुतः विचारावयास हवे ते असे, की किनाऱ्याजवळच्या कोणत्या गावात हे कुटुंब पुढची वीस-पंचवीस वर्षे आपल्या मिळकतीत राहू शकेल? जमिनीचा भाव एकदाच द्यावा लागतो. गावाचा भाव मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. पहिला भाव खरेदीखतावर लिहिलेला असतो. दुसरा कोठेच लिहिलेला नसतो, आणि म्हणूनच तो बहुतेकांच्या हिशेबातून सुटतो.

स्वस्ताईचे मूळ

जमिनीच्या किमतीविषयी अर्थशास्त्रात एक जुना विचार आहे. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली खंडाची उपपत्ती मांडताना जमिनीच्या सुपीकतेवर भर दिला. १८२६ साली फोन थ्यूनेन या जर्मन अभ्यासकाने तीत बाजारापासूनच्या अंतराचा विचार आणला. पुढील काळात या दोन्ही विचारांतून एक साधे सूत्र सर्वमान्य झाले. जमीन केवळ आपल्या अंगच्या गुणाने महाग होत नाही. तिच्याभोवती माणसांनी काय उभारले आहे, यावर तिचा भाव ठरतो. रस्ता, बाजार, शाळा, दवाखाना आणि रोजगार जेथे हाताशी असतात, तेथे भाव चढतो. ज्या जमिनीचा भाव कमी आहे, तिच्याभोवती यांपैकी काहीतरी कमी आहे, असे प्रथम गृहीत धरावे आणि मग ते काय, याचा शोध घ्यावा. कमी भाव ही निसर्गाची देणगी नव्हे. गैरसोयीची ती आगाऊ मिळालेली भरपाई होय.

कोकणाच्या बाबतीत ही गैरसोय जनगणनेच्या आकड्यांतच दिसते. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात ती ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांच्या आत आली. त्याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, हे ध्यानी घेतले म्हणजे या घटीचा अर्थ कळतो. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. ही आकडेवारी काही स्त्रियांच्या सुस्थितीची साक्ष नव्हे. कर्ते पुरुष घर सोडून मुंबईला गेल्याची ती नोंद आहे. साक्षरतेत हा भाग मागे आहे म्हणावे, तर तसेही नाही. २०११ मध्ये सिंधुदुर्गाची साक्षरता ८५ टक्क्यांच्या वर, म्हणजे राज्याच्या सरासरीहून अधिक होती. माणसे शिकली, शिकल्यावर करावयास काम नव्हते, म्हणून ती गेली.

मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरींवर कोकणातील चुली कित्येक दशके पेटत होत्या. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर तो ओघ आटला, पण माणसांचे जाणे थांबले नाही. तेव्हा घाटावरील कुटुंबाने एक गोष्ट मनाशी स्पष्ट ठेवावी. ज्या गावात स्वस्त घर मिळत आहे, ते गाव तेथील तरुणांनी रोजगाराअभावी सोडलेले आहे. ज्यांची मिळकत पक्की आहे, मग ती निवृत्तिवेतनाची असो वा बदलीच्या नोकरीची, त्यांना हे जमेल. ज्यांना तेथे जाऊन मिळकत निर्माण करावयाची आहे, त्यांनी दहा वेळा विचार करावा. ‘एखादी खानावळ काढू, दोन खोल्या पर्यटकांना देऊ’ हा बेत प्रत्येकाच्या वहीत असतो. पण पर्यटकांचा हंगाम नाताळ, दिवाळी आणि मे महिन्याचा, आणि कुटुंबाचा खर्च मात्र बारमाही.

पाण्यापासून थोडे दूर

आता प्रत्यक्ष प्रदेशाकडे वळू. उत्तरेकडील अलिबाग-मुरूडचा किनारा मुंबईच्या छायेत आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोटसेवा सुरू झाल्यापासून ती छाया अधिकच दाट झाली. तेथील भाव मुंबईकराच्या खिशाकडे पाहून ठरतात. दक्षिणेकडे गोव्यातील भावांना तर देशभरातील धनिकांचा आधार आहे. कोल्हापूरच्या पगारदाराला या दोन टोकांमधला किनारा, म्हणजे रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन जिल्हेच विचारात घेण्याजोगे आहेत. त्यांतही दापोली-गुहागर कितीही रम्य असले, तरी कोल्हापूरशी नातेसंबंध, उपचार आणि मुलांचे शिक्षण यांची गाठ ठेवू पाहणाऱ्याला ते दूर पडते.

उरलेल्या पट्ट्यातही अगदी लाटांच्या काठची जमीन स्वस्त राहिलेली नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि तारकर्ली, देवबाग, भोगवे, शिरोडा येथील पुळणीलगतच्या जागेचा भाव राहण्याच्या उपयोगावरून नव्हे, तर पर्यटकाच्या एका रात्रीच्या भाड्यावरून ठरू लागला. देवगड तालुक्यात हापूसची कलमे हाच जमिनीचा मापदंड आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी येथे, तर जानेवारी २०२३ पासून गोव्यात सीमेलगत मोपा येथे विमाने उतरू लागली, आणि आसपासच्या जमीनमालकांच्या अपेक्षा त्यांच्याबरोबर वर गेल्या. सारांश, समुद्र दिसणारी जमीन आज मध्यमवर्गीयाची राहिलेली नाही. आणि जी स्वस्त म्हणून दाखवली जाते, तिच्या कागदपत्रांत किंवा वाटेत बहुधा काही अडचण असते.

याउलट, समुद्रापासून २० ते ४५ किलोमीटर आत एक वेगळा पट्टा आहे. कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी ही तिन्ही गावे मुंबई-गोवा महामार्गाच्या आणि कोकण रेल्वेच्या वाटेवर आहेत. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा मार्ग पूर्णपणे खुला झाला. हा मार्ग दक्षिण कोकणात किनाऱ्याने न जाता आतल्या बाजूने जातो, आणि त्यामुळे बाजारपेठ, महाविद्यालये, वकील, डॉक्टर, बँका यांची वस्ती याच पट्ट्यात वाढली. १ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचे मुख्यालय सिंधुदुर्गनगरी हेही कणकवली आणि कुडाळ यांच्या मधोमध आहे. कुडाळहून वेंगुर्ले वा मालवण एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर. सावंतवाडीहून आंबोली घाट चढला की आजऱ्याच्या वाटेने कोल्हापूर. कणकवलीहून फोंडा घाट चढला की राधानगरीच्या वाटेने कोल्हापूर. ज्याला मोठे शहर सोडवत नाही, त्याने रत्नागिरीच्या उपनगरांकडे पाहावे. आंबा घाटाने ते सुमारे १३० किलोमीटर पडते, आणि जिल्ह्याचे ठिकाण असल्याने तेथे सोयी अधिक आहेत.

समुद्राचे घर सोडून बाजाराचे गाव पत्करावे, हा सल्ला काहींना रुक्ष वाटेल. परंतु कोकणच्या पूर्वजांनी तेच केले होते. राजापूर, खारेपाटण, चिपळूण या जुन्या पेठा खुल्या समुद्राच्या तोंडाशी नव्हत्या. खाडी जेथवर आत येते आणि घाटाची वाट जेथे खाली उतरते, त्या ठिकाणी त्या वसल्या. १८९१ साली कोल्हापूरला रेल्वे आली. त्यापूर्वी करवीरच्या व्यापाराची वाट राजापूरसारख्या बंदरांकडेच उतरत असे. समुद्राशी व्यवहार ठेवावा, पण बिऱ्हाड बाजारात करावे, हा त्या लोकांचा व्यवहारी शहाणपणा होता. अर्थात जुन्या पेठाही डोळे मिटून निवडू नयेत. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, आणि राजापूरच्या बाजारपेठेत पुराचे पाणी येणे ही पावसाळ्यातील नित्याची गोष्ट आहे. पंचगंगेच्या पुराला कंटाळून निघालेल्याने वाशिष्ठीच्या वा कोदवलीच्या काठी घर करावे, यात हशील नाही.

सातबारा आणि त्यावरची नावे

कोकणातील जमिनीचा सर्वांत मोठा छुपा खर्च कागदांत आहे. खोती पद्धत कायद्याने संपली ती १९४९ च्या कायद्याने; कूळकायदाही आला; पिढ्यानुपिढ्या वाटण्या झाल्या, पण सरकारदरबारी त्यांची नोंद झाली नाही. परिणामी दहा-पंधरा गुंठ्यांच्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदारांची नावे असणे ही तेथे सामान्य बाब आहे. त्यांतील निम्मे मुंबईत, काही परदेशी, काही दिवंगत. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि केंद्रीय कायद्याने २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांप्रमाणेच हक्क आहे. तेव्हा गावात राहणाऱ्या एका भावाने सही केली म्हणजे जमीन आपली झाली, असे समजणारा खरेदीदार वस्तुतः जमीन नव्हे, दावा विकत घेत असतो.

याशिवाय महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ अन्वये शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही. करवीर, कागल वा पन्हाळा तालुक्यात ज्याच्या नावे वडिलोपार्जित शेती आहे, त्याला ही अडचण नाही. पण शहरातच वाढलेल्या अनेक पगारदारांना ती आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. त्यानुसार ठरणारे प्रमाणभूत क्षेत्र २०२३ मध्ये कमी करून राज्याच्या बहुतेक भागांत बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठ्यांपर्यंत खाली आणले गेले. म्हणजे ‘शेतीतले पाच गुंठे’ सहज नावावर होतील, असे सांगणाऱ्या मध्यस्थाला प्रथम बिनशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन मागावे. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, गेळे, चौकुळ येथे कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न अनेक वर्षे गाजत आला आहे. अन्यत्र देवस्थान इनाम, वनसंज्ञा, आकारीपड असे शेरे सातबाऱ्यावर दिसतात. अशा जमिनी स्वस्त असतात, यात आश्चर्य कसले?

आणि समुद्राजवळ गेल्यास सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेतच. १९९१ मध्ये ते प्रथम आले; २०११ व २०१९ मध्ये त्यांची नवी रूपे निघाली. २०१९ च्या अधिसूचनेनुसार दाट वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि विरळ वस्तीच्या भागात २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र आहे. कोकणातील बहुतेक किनारी गावे विरळ वस्तीची आहेत, आणि खाड्यांनाही वेगळी मर्यादा आहे. ज्याला लाटांचा आवाज ऐकत झोपावयाचे आहे, त्याने आपली उशी या रेषेच्या कोणत्या बाजूला पडते, हे आधी तपासावे.

चार महिने पाऊस, दोन महिने तहान

मे महिन्यातील चार दिवसांत कोकण कळत नाही. तेथे वर्षाकाठी अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कोल्हापूर शहराच्या जवळजवळ तिप्पट. एवढ्या पावसात भिंतींना ओल येते, पुस्तकांना बुरशी लागते, कपाटाचे बिजागर गंजतात आणि दरवर्षी घराची डागडुजी करावी लागते. घाटावर जे घर दहा वर्षांनी रंग मागते, ते तेथे तीन वर्षांनी मागते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. आणि इतका पाऊस पडूनही जांभ्याच्या सड्यावर पाणी ठरत नाही. एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. विहिरीचे पाणी डिसेंबरात पाहून जमीन घेऊ नये. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाहावे.

वादळांचाही विचार आता करावाच लागतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले आणि सुपारीच्या बागा झोपल्या. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ने सिंधुदुर्गाला घासून जाताना विजेचे खांब असे आडवे केले, की अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा वेळी बाजारपेठेच्या गावात वीज आधी येते. वाडीत सर्वांत शेवटी. हादेखील गावाच्या भावाचाच एक भाग आहे.

जगणे स्वस्त होईल, हाही एक भ्रमच. दूध, भाजीपाला, अंडी यांचा मोठा भाग घाट उतरून तेथे जातो. त्यामुळे कोल्हापूरच्या मंडईतील भाजी कोकणात भाडे चढवूनच मिळते. मासे ताजे मिळतात हे खरे. पण १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि हंगामातही उत्तम मासळी शहरांकडे आणि निर्यातीकडे वळते. तांबडा-पांढरा सोडून सोलकढी पत्करणाऱ्याच्या घरखर्चात घट होईलच, असे नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आजारपणाचा. सिंधुदुर्गात २०२१ पासून आणि रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, ही मोठी सुधारणा आहे. तथापि, गंभीर रुग्णाला आजही कोल्हापूर किंवा गोव्यातील बांबोळी गाठावी लागते. पावसाळ्यात ही वाट घाटातून जाते. जुलै २०२१ मध्ये आंबा घाटातील रस्ता खचून अवजड वाहतूक दीर्घकाळ बंद राहिली. २०२४ मध्ये करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद झाला आणि लोकांना फोंडा वा भुईबावडा घाटाचा वळसा घ्यावा लागला. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेचा बेत अनेक वर्षे बोलला जात आहे. पण गाडी धावेपर्यंत बेतावर विसंबून घर घेता येत नाही. साठीच्या उंबरठ्यावरील दांपत्याने समुद्रापर्यंतचे अंतर मोजण्याआधी हृदयरोगाच्या डॉक्टरापर्यंतचे अंतर मोजावे.

आकड्यांचा दाखला

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या शिक्षकाने ३० लाख रुपये गुंतवून किनारपट्टीत घर बांधले. ही रक्कम ठेवीत ठेवली असती आणि तीवर ७ टक्के व्याज मिळाले असते, तर वर्षाला २ लाख १० हजार, म्हणजे महिन्याला १७ हजार ५०० रुपये हाती आले असते. हे व्याज सोडले, म्हणजेच तो त्या घराचे दरमहा तेवढे भाडे भरतो. ते कोणी मागत नाही, म्हणून जाणवत नाही, इतकेच. आता त्यात वार्षिक डागडुजी धरा. महिन्यातून दोनदा कोल्हापूरला जाण्या-येण्याचे सहाशे किलोमीटर आणि त्याचे इंधन धरा. पावसाळ्यातील विजेची पर्यायी सोय धरा. या बेरजेहून कमी भाड्यात जर कुडाळ-कणकवलीला चांगली जागा मिळत असेल, तर विकत घेण्याची घाई कशासाठी? विकत घेतलेले घर आवडले नाही, तर ते विकावयाचे कोणाला? कोल्हापुरात गिऱ्हाईक महिन्यांत मिळते. आडगावी वर्षे जातात. जी वस्तू घेताना स्वस्त आणि विकताना अडून राहते, तिची खरी किंमत छापील किमतीपेक्षा नेहमीच अधिक असते.

यावर उपाय साधा आहे: प्रथम भाड्याने राहावे, आणि तेही पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर हे चार महिने आणि पुढचा मे महिना जो कुटुंबासह तेथे काढील, त्याला निर्णय घेण्यास दुसऱ्याची गरज उरणार नाही. या बाबतीत कोल्हापूरच्या शिक्षकांकडे अनुभवाचा मोठा साठा आहे. शिक्षणसेवक भरतीतून कोल्हापूर-सांगलीकडील असंख्य तरुण रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जिल्हा परिषद शाळांत रुजू झाले. त्यांनी तेथे दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे काढली; आणि संधी मिळताच त्यांतील अनेकांनी आंतरजिल्हा बदलीने घाट चढला. ती माणसे निसर्गाला कंटाळली नव्हती. म्हातारे आईवडील, पत्नीची नोकरी आणि मुलांचे शिक्षण या तीन ओढींनी त्यांना परत आणले. स्थलांतराचा विचार करणाऱ्याने जमिनीच्या मध्यस्थाऐवजी अशा एखाद्या शिक्षकाच्या घरी तासभर बसावे. आणि जे परतले नाहीत, तेथेच रमले, त्यांच्याशीही बोलावे. त्यांतील अनेकजण तालुक्याच्या गावी राहून शाळेला ये-जा करीत, आणि घर त्यांनी घेतले ते गाव पुरते अंगवळणी पडल्यावर.

गावाची बाजू

येथवर कुटुंबाचा हिशेब झाला. परंतु जेथे हे कुटुंब जाणार, त्या गावाचाही एक हिशेब आहे. बाहेरचा पैसा जमिनीत येतो, तेव्हा गावातील जमिनीचे भाव गावातील मजुरीच्या मानाने वाढत नाहीत. बाहेरच्या पगारांच्या मानाने वाढतात. मग मच्छीमाराच्या मुलाला स्वतःच्या गावात दोन खोल्यांपुरती जागा घेणे अशक्य होते. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरील सेंट आइव्हज या गावात हीच तक्रार इतकी तीव्र झाली, की २०१६ मध्ये तेथील मतदारांनी, नवी घरे फक्त कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत, असा कौल दिला. कोकणातील गाव अद्याप त्या टोकाला गेलेले नाही. पण कुलूपबंद बंगल्यांची रांग अनेक पुळणींवर दिसू लागली आहे.

त्याच वेळी दुसरे चित्रही ध्यानात घ्यावे. कोकणातील कित्येक वाड्यांतील शाळांची पटसंख्या वीसच्या आत आली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने अशा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळांचा विचार पुढे आणला, तेव्हा सर्वांत अधिक काळजी डोंगरी आणि किनारी वाड्यांनाच वाटली. अशा गावात दोन मुले घेऊन येणारे कुटुंब म्हणजे पाहुणा नव्हे, आधार होय. तेथील वाण्याकडून किराणा घेणारे, तेथील एस.टी.ने जाणारे, ग्रामसभेला बसणारे घर गावाला हवे असते. वर्षातून दहा दिवस उघडणाऱ्या घराचा गावाला उपयोग नाही, आणि खरे पाहता मालकालाही नाही. त्याची ठेव तेथे ओलीने भिजत असते.

तेव्हा निष्कर्ष असा, की कोल्हापूरच्या मध्यमवर्गीय कुटुंबाने किनाऱ्याचे स्वप्न सोडून देण्याचे कारण नाही. त्याचा पत्ता मात्र बदलावा. समुद्रकाठची वाडी नव्हे, तर रेल्वे आणि महामार्गावरील बाजाराचे गाव. शेतीतला तुकडा नव्हे, तर स्वच्छ कागदांची बिनशेती जागा वा तयार घर. आणि तेही एक पावसाळा भाड्याने काढल्यानंतर. ज्यांची मिळकत निश्चित आहे, ज्यांच्या मुलांचे शिक्षण एका टप्प्यावर पोहोचले आहे आणि ज्यांना तेथे बारमाही राहावयाचे आहे, त्यांना हा पट्टा आजही परवडणारा आहे. बाकीच्यांनी दरवर्षी मे महिन्यात चार दिवस जावे, भाड्याच्या खोलीत राहावे, मनसोक्त समुद्र पाहावा आणि परत यावे. त्यांच्या आयुष्यभराच्या पुंजीच्या दृष्टीने किनाऱ्यावरची सर्वांत स्वस्त जागा तीच होय.